लाल लोकरीचे दहा वेढे

त्या घरात कागदी चिठ्ठीवर कुणाचाच भरवसा नव्हता, आणि त्याला कारणही तसंच होतं. परसातली कोठी ओलसर. चिठ्ठी लावली की आठ दिवसांत शाई फुटायची, पंधरा दिवसांत कागद गळून पडायचा, आणि मग भोपळ्याचं बी कुठल्या डब्यात आणि काकडीचं कुठल्या, यावरून अप्पा आणि सासूबाई यांची जुंपायची. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. विणकामातून उरलेली लोकर डब्यांना बांधायची. पिवळी बांधली असेल तर ते बियाणं, पेरण्यासाठी ठेवलेलं. काहीच बांधलं नसेल तर खुशाल खा. आणि लाल असेल तर हात लावायचा नाही. वीस वर्षं हा कायदा बिनबोभाट चालला होता.

लाल लोकर दोनच ठिकाणी असायची. एक फवारणीच्या औषधाच्या डब्याला, आणि दुसरी अप्पांच्या कळलावीच्या कंदांना. कळलावीचा वेल म्हणजे अप्पांचा जीव की प्राण. कुंपणभर लाल-पिवळ्या ज्वाळा लागल्यासारखी फुलं यायची, आणि अप्पा सकाळचा चहा घेऊन तिच्यासमोर उभे राहायचे. सासूबाई तिला "तुमची ती" म्हणायच्या. पण फूल जेवढं देखणं, तेवढाच कंद जहरी. अंगठ्याएवढा तुकडा पोटात गेला तर माणूस हाती लागत नाही, हे अप्पांनी घरातल्या प्रत्येकाला घोकून घोकून सांगितलं होतं. पानगळ सुरू झाली, रात्री गार व्हायला लागल्या, की ते कंद उकरून, कोरड्या मातीत घालून, खोक्यात ठेवायचे. त्याच आठवड्यात रताळीही निघायची. तीही तशाच खोक्यात, शेजारीच. यंदा ऊन कमी पडलं म्हणून रताळी बोटाएवढी निघाली होती. लोकर नसती तर डोळसालाही दोनदा बघावं लागलं असतं.

आणि सासूबाई आता धड डोळस राहिल्या नव्हत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली. माणूस त्यांना आवाजावरून कळायचा, विणकामाच्या सुया बोटांच्या अंदाजाने चालायच्या. रंग मात्र दिसायचे, तेही भडक असले तर. म्हणूनच यंदा त्यांनी कळलावीच्या खोक्याला लाल लोकरीचा एक साधा धागा न बांधता दहा वेढे दिले होते. चांगला पट्टा झाला होता. "आंधळीलासुद्धा दिसेल," असं स्वतःच म्हणून त्या हसल्या होत्या. सूनबाई मात्र हसली नव्हती.

प्रश्न आला तो दोन दिवसांच्या प्रवासाचा. नणंदेला मुलगी होऊन तीन महिने झाले होते, आणि अजून कुणी बघायला गेलं नव्हतं. चार तासांचा रस्ता, त्यातला निम्मा वळणांचा. सासूबाईंना गाडी लागते. मागच्या वेळी त्या वाटेत सहा वेळा उतरल्या होत्या.

"तुम्ही जा. मी राहते घरी," त्या म्हणाल्या.

"एकटी?" अप्पा म्हणाले.

"नाहीतर काय शेजारचं मांजर घेऊन?"

सूनबाईच्या नवऱ्याने विषय गंभीरपणे घेतला. तो ड्रायव्हिंग शिकवायचा, आणि सगळ्याच गोष्टींकडे तो पुढे अपघात उभा असल्यासारखा बघायचा. नणंदेने फोनवरून वेगळाच सूर लावला: आईला माझ्याकडे कायमची आणून ठेवा, नाहीतर चोवीस तासांची बाई ठेवा, ती आता एकटी राहण्यासारखी नाही. सासूबाईंनी ते ऐकलं. त्या रात्रीचं जेवण त्यांनी निम्मं टाकलं. सकाळी उठून म्हणाल्या, "दोन दिवस एकटी राहून दाखवते. नीट राहिले तर हा विषय बंद. नाही राहिले तर तुम्ही न्याल तिकडे येईन, तोंडातून शब्द काढणार नाही."

"आई राहतील नीट. माझी खात्री आहे," असं तेव्हा ठामपणे म्हणाली होती ती सूनबाईच.

आता तिच्या स्वेटरचं. बाळासाठी ती पांढरा स्वेटर विणत होती, लाल काठांचा. मागच्या वेळी तिने नणंदेला शाल विणून दिली होती, तेव्हा नणंद म्हणाली होती, "छान आहे गं. विकत घेतली असती तरी चाललं असतं." हे वाक्य सूनबाईने दीड वर्ष जपून ठेवलं होतं. या वेळी बोट ठेवायला जागा द्यायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. आणि नेमका खालचा काठ पुरा झाल्यावर, टाके बंद करायच्या ओळीला, लाल लोकर संपली. टाके बंद करायला काठाच्या रुंदीच्या तिप्पट-चौपट धागा लागतो. हातात वीतभर राहिला होता. दुकानदार म्हणाला, तो रंग संपला, हा घ्या, डिट्टो आहे. कसला डिट्टो! शेजारी धरल्यावर विटकरी दिसत होता.

शनिवारी सकाळी अकराला निघायचं होतं. पावणेअकराला सूनबाई वाटेत खायला म्हणून सफरचंदं आणायला कोठीत गेली, आणि तिला तो पट्टा दिसला. त्याच गुंड्याची लोकर. सासूबाईंनी त्यातूनच घेतली होती, सूनबाईच्या समोर.

तिने विचार केला नाही असं नाही. उलट चांगला केला. खोलीत जाऊन खणातली लाल रिबीन आणली. लोकर सोडायची, रिबीन बांधायची, दोन मिनिटांचं काम. सासूबाईंची दुहेरी गाठ नखाने सुटेना, तेव्हा तिने दात लावले. गाठ सुटली, एक टोक ओढलं, दहाच्या दहा वेढे भराभर हातात आले. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. मग स्वयंपाकघरातून हाक आली, "सूनबाई, थर्मास राहिला गं!" आणि मग पुन्हा हॉर्न. औषधांच्या दुकानात दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी बाई ही. तिथे एक चिठ्ठी चुकली तर रात्रभर झोप लागायची नाही. पण तिने रिबीन कोटाच्या खिशात घातली, सफरचंदं उचलली आणि थर्मास घ्यायला धावली.

सासूबाई दारापर्यंत सोडायला आल्या. "माझी काळजी करू नका. सहाच्या आत जेवून घेईन, उजेड असेपर्यंत. एकटीला काय करत बसायचं, चार रताळी उकडीन."

"उकड, उकड. छान निघालीत," अप्पा म्हणाले.

सूनबाईने हे ऐकलं. ऐकून मान हलवली आणि गाडीत बसली.

गाडी पन्नासच्या पुढे गेली नाही. नवरा प्रत्येक वळणाआधी आरसे बघत होता. अप्पा पुढे बसून दुसऱ्यांच्या बागांना नावं ठेवत होते. सूनबाई मागे बसून टाके बंद करत होती. रस्त्याकडेची झाडं पिवळी-तांबडी होऊन झडत होती आणि काचेवर पानं येऊन चिकटत होती. लोकरीला कोठीतल्या मातीचा वास होता. ती दोनदा स्वतःशीच हसली. काठ कसा सुरेख बसत होता! नणंदेच्या सात पिढ्यांना रंगातला फरक सापडला नसता. मध्ये एका हॉटेलात जेवायला उतरले, पाऊण तास गेला. अडीच वाजता, वळणं चढत असताना, शेवटचा टाका बंद झाला. टोक कापायला कात्री हवी म्हणून तिने कोटाच्या खिशात हात घातला.

हातात रिबीन आली.

क्षणभर तिला वाटलं, आपण दुसरी बांधली असेल, ही जादा असेल. खणात एकच होती. ती नीट आठवू लागली: हॉर्न, हाक, थर्मास, सफरचंदं. कुठेही गाठ बांधल्याचं आठवत नव्हतं. कोठीत आता दोन खोकी शेजारी शेजारी होती, दोन्हींना काहीच बांधलेलं नव्हतं, आणि काहीच बांधलं नसेल तर खुशाल खा.

तिने घरी फोन लावला. वाजत राहिला. सासूबाई दुपारी पानं गोळा करायला परसात जायच्या. तिथे बैठकीतला फोन ऐकू यायचा नाही. मोबाइल त्यांना दिला होता, पण तो "झिजू नये म्हणून" बंद करून कपाटात. शेजारच्या शिक्षिकेला सांगावं, तर तिचा नंबर घरच्या फोनशेजारच्या वहीत. सूनबाईने पुन्हा लावला. पुन्हा.

"कुणाला लावतेयस?" नवऱ्याने आरशातून विचारलं.

आता सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण पुढे अप्पा बसले होते, आणि खात्री आहे असं म्हणणारी हीच. स्वेटरच्या काठासाठी मी आईंचा जीव राखणारं लाल काढून घेतलं, हे वाक्य तिला म्हणवेना.

"अहो, गाडी वळवा. इस्त्री चालू राहिलीय," ती म्हणाली.

नवऱ्याने आधी गाडी कडेला घेतली, मग दिवे लावले, मग मागे वळून बघितलं. "नक्की?"

"नक्की. वळवा ना!"

"आई आहे की घरात. बंद करेल."

"फोन उचलत नाहीत त्या. दिसत नाही त्यांना. वळवा म्हणते ना मी!"

तिचा आवाज इतका चिरकला की अप्पांनीही मागे बघितलं. गाडी वळली. घड्याळात पावणेतीन. मधलं जेवण वगळलं तरी घर तीन तासांवर. म्हणजे पावणेसहा. सासूबाई सहाला जेवायच्या, कधी थोड्या आधीच. सूनबाई हिशोब करत राहिली आणि दर वेळी उत्तर तेवढंच येत राहिलं.

"जरा जोरात घ्या ना."

"पन्नासचा रस्ता आहे हा."

तिला त्या क्षणी नवऱ्याचा राग आला, इतका की तिला स्वतःचीच भीती वाटली. वळणांत फोनला रेंज नव्हती. रेंज आली की ती लावायची, तो वाजत राहायचा, पुन्हा रेंज जायची. पाचला उन्हं उतरली. पाच वाजून दहा मिनिटांनी, पेट्रोल पंपाशी, पलीकडून फोन उचलला गेला.

"हॅलो?"

"आई! आई, ऐका—"

"हॅलो? कोण बोलतंय? अहो, बोला की. ऐकू येत नाहीये... पातेलं ठेवलंय मी गॅसवर—"

"आई, रताळी खाऊ नका! रताळी खाऊ नका!" सूनबाई ओरडली. फोन कटला होता.

मग नवरा म्हणाला, "रताळी? इस्त्रीचं काय?"

अप्पा पूर्ण मागे वळले. चाळीस वर्षं माती उकरलेला माणूस. त्यांना दुसरं काही विचारावं लागलं नाही. "खोक्याला लाल नाहीये का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नव्हतं... सकाळी सफरचंदं घेताना... आता आठवलं. सुटली असेल."

ती असं म्हणाली. सुटली असेल. जणू लोकरीला पाय फुटले आणि ती आपणहून चालत गेली.

"तिची गाठ सुटत नसते," अप्पा म्हणाले. "बांधलीच नसेल. वाटलं असेल बांधली म्हणून. डोळेच नाहीत तिथे..." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. सूनबाईने ते बघितले, आणि तरीही ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही, आणि करूही नये.

नवऱ्याने एकदाही आरसा न बघता गाडी पंचाण्णववर नेली.

घराशी पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. सूनबाई गाडी पुरती थांबायच्या आत उतरली. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं, गॅस बंद, पातेल्यातून अजून वाफ. ती बैठकीत धावली.

सासूबाई फोनशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर ताटली. ताटलीत चार उकडलेले कंद, एक सोललेला. हातात मिठाची चिमूट.

सूनबाईने ताटली अशी हिसकावली की कंद भिंतीपर्यंत घरंगळले.

"खाल्लंत? आई, खाल्लंत का?"

"कोण, सूनबाई? अगं, तुम्ही कसे काय परत आलात? सगळे धड आहात ना?"

"खाल्लंत का ते सांगा!"

"नाही गं. तो मेला फोन सारखा वाजतोय, आणि घेतला तर कुणी बोलत नाही. मला वाटलं, रस्त्यात काही झालं की काय तुम्हाला. घास घ्यावासाच वाटेना. म्हटलं, फोनपाशीच बसावं." त्यांनी हात पुढे करून सुनेचा चेहरा चाचपला. "रडतेस कशाला?"

अप्पा आत आले. त्यांनी एक कंद उचलला, दोन बोटांत दाबला, वास घेतला. मग ते भिंतीला टेकून खाली बसले, जमिनीवर.

"ही माझी ती आहे," ते म्हणाले.

सासूबाईंना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी हातातलं मीठ पदराला पुसलं, दोनदा पुसलं. "लाल नव्हतं हो खोक्याला. मी डोळ्यांशी नेऊन बघितलं, हातानं चाचपलं. पहिल्याला नव्हतं, म्हणून त्यातलीच घेतली."

"कारण तू बांधलंच नाहीस," अप्पा म्हणाले. रागाने नाही, त्यांच्या अंगात राग उरला नव्हता. "उद्यापासून कोठीला कुलूप. आणि तू एकटी राहायची नाहीस. पोरीला फोन करतो, ती म्हणते तसं करू."

नवरा दारात उभा होता. त्याने नाही म्हटलं नाही.

सासूबाईंनी दोन्ही हातांची बोटं एकेक करून चाचपली. मग म्हणाल्या, "मला वाटतंय, मी दहा वेढे दिले होते. मोजून. पण नसतीलच दिले. तुम्ही म्हणता तसंच असेल." आणि मग, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात, "आता माझाच मला भरवसा नाही म्हणायचा."

शब्द काढणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. त्या शब्द पाळायला निघाल्या होत्या.

सूनबाई गाडीकडे गेली आणि पिशवी घेऊन परत आली. तिने स्वेटर काढला, टेबलाच्या दिव्याखाली धरला, शेवटच्या टाक्याचं टोक शोधलं आणि ओढलं.

"अगं, काय करतेस!" नवरा म्हणाला.

ती ओढत राहिली. बंद केलेले टाके एकेक करून सुटत गेले, लाल धागा आकडेबाज होऊन जमिनीवर साचत गेला, आणि काठाचे टाके उघडेच्या उघडे राहिले.

"आई, तुम्ही बांधली होती," ती म्हणाली. "दहा वेढे. मी सोडली. माझा काठ पुरत नव्हता म्हणून. रिबीन बांधणार होते, ती खिशातच राहिली. इस्त्रीचं खोटं बोलले. आणि गाडीत अप्पा म्हणाले की तुम्ही बांधलीच नसेल, तेव्हाही मी गप्प बसले."

अप्पांनी मान वर केली.

"मी बांधली होती?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"घट्ट?"

"दात लावावे लागले सोडायला."

सासूबाईंनी आवाजाच्या अंदाजाने अप्पांकडे तोंड केलं. "ऐकलंत?"

"ऐकलं," अप्पा म्हणाले.

"मग पोरीला फोन करा आणि सांगा, उद्या येतोय म्हणून. तुम्ही तिघं. मी इथंच." मग त्या सुनेकडे वळल्या. "तुझ्याशी मी उद्या बोलेन. आज बोलले तर फार वाईट बोलेन."

"हो," सूनबाई म्हणाली.

"खोकं आण ते."

तिने आणलं. आणण्याआधी तिने उरलेले कंद परत मातीत घातले होते, उकडलेले बाहेर खड्ड्यात पुरले होते, हात तीनदा धुतले होते. सासूबाईंनी जमिनीवरची लोकर चाचपून गोळा केली. विणून उसवलेली, गुंतलेली, पण लाल. त्यांनी खोक्याभोवती पहिला वेढा दिला आणि मोठ्याने म्हणाल्या, "एक." अप्पा उठून जवळ आले. "दोन." त्या मोजत गेल्या, सगळे ऐकत उभे राहिले. दहा झाल्यावर त्यांनी दोन्ही टोकं ओढून पहिली गाठ मारली आणि थांबल्या.

"बोट ठेव इथं," त्या म्हणाल्या.

सूनबाईने गाठीवर बोट ठेवलं. सासूबाईंनी दुसरी गाठ तिच्या बोटावरूनच आवळली, दुखेल इतकी, आणि तिने बोट काढून घेतलं नाही.